दांडा धरून

चोपड्यात, बस स्टँडमागे, खतांच्या दुकानावर
माझी एक खोली. टेबल, पंखा,
आणि लीलाधरशेठचं तौलपावतीचं काम.
काट्यावरून आकडा येणार, मशीन कागद फाडणार,
एवढंच करायचं होतं.

पहिली पावती अडावदच्या काट्यावर निघाली.
तिच्यावर होतं:
माल ऑब्जेक्ट, झिरो एक्स सेव्हन एफ थ्री,
आणि पुढे शेपटासारखी नऊ अक्षरं.
कोकिळाबाई सैंदाणेंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला,
मग मलाच परत दिला.
"हाऊ माल मना नही, बहीन.
मना मालले नाव शे."

बरोबर होतं त्यांचं.
मी त्याला वजन दिलं, बाग दिली, मालकीण दिली,
पण कोणी 'तू कोण' विचारलं तर
काय म्हणायचं, ते शिकवलंच नाही.
न शिकवलेली वस्तू फक्त पत्ता सांगते,
स्मृतीच्या कुठल्या खणात बसलेय, तेवढाच.
जत्रेत चुकलेलं पोर
बापाचं नाव सोडून
पाळण्याचा रंग सांगतं, तसं.

रात्री एक मेथड लिहिली. चार ओळींची.
आता माल बोलू लागला:
नवती बाग, श्रीमंती, अडावद,
सतरा क्विंटल चाळीस.
दशांशानंतर दोनच घरं ठेवली,
तिसऱ्या घरात कोणी राहत नाही.

दुसरी मेथड माझ्यापुरती.
भरलेलं वजन, दांड्याची कपात, कपात कोणी टाकली,
किती वाजता, काटा तेव्हा शून्यावर होता का.
ती पावतीवर येत नाही.
काही बिघडलं की मी अपरात्री विचारते
आणि तोच माल
अवतरणचिन्हांसकट सगळं ओकून टाकतो.

शेठ जिना चढून आले, पावती उजेडात धरली.
"झकास. कपातीची ओळ तेवढी नको.
लोक उगाच वाचत उभे राहतात.
आतला आकडा नाही बदलायचा, ताई.
फक्त दाखवायचं कसं, ते."

फक्त दाखवायचं कसं.

पुण्यात सात वर्षं 'गाव कुठलं'ला
मी 'नाशिक साइड' छापत होते.
आईचा फोन आला की जिन्यात जायचे,
तिथे 'शे' म्हणायचे,
काचेचं दार ढकललं की 'आहे'.
आतला आकडा बदलला नव्हता.

ओळ काढली.
खाली जाऊन वडापाव खाल्ला, वर आले,
परत लिहिली. जरा ठळक टाइपात.

बुधवारी अडावदला पावती निघाली.
कोकिळाबाईंनी ट्रॅक्टरवाल्याकडून ती वाचून घेतली,
दांडा, एक क्विंटल चाळीस,
यावर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचायला लावलं.
कोणाशी भांडल्या नाहीत. कागदाची घडी
मोबाइलच्या कव्हरात सरकवली.
माझ्या फोनवर तोवर शेठचे दोन मिस्ड कॉल.

"कोनी पोर शे तू?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं,
आणि क्षणभर मलाच कळेना
दोनांतली कुठली मेथड
आता चालणार आहे.