शेरा

दाखला मागायला ती आली तेव्हा
मी पगारपत्रक तपासत होतो.
"कुशावर्ता ग्यानोबा धापसे," दारातूनच म्हणाली,
"सहावी. तुम्हीच तर होता वर्गाला."
सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. दहावीला बसणार.
वय पंचेचाळीस. दोन नातवंडं.

लोखंडी कपाट उघडलं.
सगळ्यात खाली निजामाच्या वेळची उर्दू दप्तरं,
ती वाचणारं आता शाळेत कोणी नाही.
त्यांच्यावर वाळवीची पावडर,
पावडरीवर आम्ही.
जनरल रजिस्टर, नंबर चार.
अक्षर माझंच. केवढं गोल होतं तेव्हा,
चोविशीतलं.
जन्मतारीख एक जून, सगळ्यांचीच असते.
शेवटच्या रकान्यात, लाल शाईनं:
पालकाच्या विनंतीवरून नाव कमी.

पालक आलाच नव्हता.

वेचणीचे दिवस. दुधनेच्या काठची रानं पांढरी,
वर्ग निम्मा रिकामा,
आणि तपासणीचे साहेब उद्या सकाळच्या गाडीनं
सेलूला उतरणार होते.
रात्री कंदिलाशी बसून अकरा नावं कमी केली.
प्रत्येकासमोर काहीतरी लिहावं लागतं.
हजेरीची सरासरी बसली.
पंधरा दिवसांनी ही दाराशी उभी,
बोटांना बोंडांचे ओरखडे,
आणि मी फळ्याकडं तोंड करून:
तुझं नाव नाही आता.

आज एवढंच करायचं होतं,
नक्कल, सही, शिक्का.
'तेव्हा सगळेच करायचे' हे वाक्य
जिभेवर तयार होतं,
वापरून वापरून गुळगुळीत.
रजिस्टरात खाडाखोड चालत नाही,
हे नव्या पोरांना मीच सांगतो.
लिहिलेलं तसंच राहतं.
खालची ओळ तेवढी आपली.

"बसा बाई," मी म्हणालो.
"हे तुमच्या वडलांनी सांगितलेलं नाही.
हे मी लिहिलं."

पंखा. बाहेर खिचडीच्या ताटांचा आवाज.
तिनं रकान्यावर बोट ठेवलं,
एकेक अक्षर सरकत गेली.
"चार वर्षं झाली त्याला जाऊन," म्हणाली.
"परभणीच्या दवाखान्यात मी त्याला म्हणलं होतं,
तूच काढलंस मला शाळेतून.
काही बोलला नाही. खिडकीकडं बघत राहिला.
त्याला वाटलं असंल,
काढलंही असंल आपण."

मी माफी मागितली.
ती कुठं ठेवायची, दोघांनाही कळेना.
टेबलावरच राहिली, चहाच्या ग्लासाशेजारी,
साय धरेपर्यंत.
मग तिनं पदर खोचला.
"गणित कोण शिकवील?"

शेऱ्याखाली दुसरी ओळ लिहिली, निळ्या शाईनं:
वरील कारण खोटे. पालकाने विनंती केली नव्हती.
सही, तारीख, पूर्ण नाव.
निवृत्तीला पाच महिने. विचारणारे विचारतील.
उरलेली दहा नावं खिशातल्या वहीत घेतलीत,
त्यातलं एक सुरतेला आहे म्हणतात,
दोन आता नाहीत.
बाकीच्यांचा पत्ता काढतोय.

सोमवारपासून संध्याकाळी सहाला,
सहावीच्याच खोलीत.
ती मला सर म्हणत नाही. "ओ" म्हणते.
बसायला सतरंजी घरून आणते.
काल चार आकडी गुणाकार मांडला,
तिच्याकडं पाठ करूनच, सवयीनं,
आणि झरझर उत्तरापर्यंत आलो.

"ओ," मागून आवाज. "हातचा राहिला."

पाहिलं. राहिला होता.
"कुठला?"
"दशकातला," ती म्हणाली.
मी खडू उचलला
आणि तिथून पुढं मांडू लागलो.