तांबडी तांबडीक नको

जीप भंगारात गेली. पत्रा खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला होता.
टेप तेवढा तुळाजीनं उपटून आणला,
आणि ग्रामपंचायतीच्या मेलेल्या कॉम्प्युटरचा
पॉवर सप्लाय, पोरानं मागून.

माजघरात एकच प्लग चालतो,
म्हणून टेबलफॅन काढला.
घाम वायरींवर.
पिवळी पिवळीला, काळी काळीला.
"तांबडी तांबडीक नको, थंय पाचच व्होल्ट.
ती पण पिवळीकच लाय, बाबा,
नायतर तेका वाटात चावीच फिरवूक नाय."
हिरवी काळीला टेकवायला
शेवंतीच्या केसांतली पिन.

डबा घरघरला.
काचेत निळे आकडे: बारा, शून्य शून्य.
बावीस वर्षं वेंगुर्ला ते सावंतवाडी
प्रत्येक खड्ड्यात अडखळलेली कॅसेट
पहिल्यांदाच सरळ वाजली.
तुळाजीला ती ओळखूच येईना.

त्याचा उजवा पाय मात्र
शेणानं सारवलेल्या जमिनीवर
काहीतरी चाचपत राहिला.

खळ्यातली सोलं आत घेता घेता,
सुटल्या केसांनी, शेवंतीनं विचारलं,
"खंय चल्लंव?"

"बस गो," तो म्हणाला,
"अजून शिटा भरूक नायत."