ताणकाटा

त्रिज्या: पृथ्वीच्या आठ दशांश.
घनता: चार पूर्णांक नऊ. म्हणजे लोखंडाचा गाभा जरा लहान,
त्याच्यावर खडक,
खडकावर माझं अज्ञान.

पुन्ता अरेनासला रात्रपाळीत हे चालतं.
वेधशाळेच्या छपरावर वारामापक करकरतो,
खाली रस्त्यात माणसांना धरायला दोर बांधलेत,
आणि मी निबाल्दोच्या खेळासाठी
एक अख्खा ग्रह अंदाजपंचे उभा करते.
"आकडे काहीही टाक गं," धाकटा म्हणाला होता.
काहीही टाकता येत नाही, तिथंच तर गोम आहे.
चंद्र जवळ ओढला की भरती डोंगर चढते.
हवा दाट केली की तिसाव्या वर्षी समुद्र उकळतो.
परवा बर्फाची चमक जरा जास्त धरली,
तर विषुववृत्तापर्यंत सगळं पांढरं,
आणि मग काही केल्या वितळेना.

गुरुत्व निघालं सहा पूर्णांक सत्त्याण्णव.
दोनदा काढलं. पहाटे बाबांना फोन केला.

चाळीस वर्षं मेंढवाड्यात काढली त्यांनी.
कोकराच्या पोटाखाली हात घालायचे, डोळे मिटायचे,
"चार किलो. वर लोकरीतला पाऊस."
काटा नंतर यायचा, हो म्हणायला.

"बाबा, तुमचं चार किलोचं कोकरू
तिथं पावणेतीनच्या जरा वर भरेल."
पलीकडे किटली. खाकरणं.
"कशावर भरेल?"
"ताणकाट्यावर."
"मग व्यापारी ताणकाटा घेऊनच येणार, एल्सीरा.
मापात पाप करायला आणखी काय लागतं?
तू तराजू ठेव तिथं. दोन पारड्यांचा."

हसले. मग कागद पुढे ओढला.
एका पारड्यात कोकरू, दुसऱ्यात वजनं,
दोन्हीकडची ओढ सारखीच उणी.
चार किलो तिथंही चारच.
हे समीकरण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
फसवलं होतं मात्र, सलग दोन हंगाम,
बंदरावरच्या लोकरीच्या गोदामात.

सकाळी निबाल्दोला फाइल पाठवली.
वाऱ्याचा कमाल वेग आमच्याच छपरावरचा घातलाय,
तेवढा एक आकडा मोजलेला, बाकी सगळे मानलेले.
आणि उत्तर किनाऱ्यावर, कुणी मागितला नसताना,
एक तराजू.
त्या वाऱ्यात पारडी स्थिर राहतील का,
ते अजून काढायचंय.