पोकळ वात

सेरफिन मावशी मोतमावलीच्या पायऱ्यांशी
मेणाचे पाय विकते, हात, काळजं,
वन रूम किचनची घरंसुद्धा.

तिचा ग्रेशन बोटीवरून उतरला
तेव्हा कोबेची एकच मेणबत्ती
लुंगीत गुंडाळून आणलेली.
वर रुंद, खाली निमुळती,
उलटी धरल्यासारखी.

मावशीनं आधी वास घेतला.
रॉकेलचा नाही. चरबीचाही नाही.
"झाडाच्या फळांचं मेण," तो म्हणाला,
"हातानं थरावर थर चढवतात."
"अन् वात?"
कागदाची नळी, वर लव्हाळ्याचा गर,
आतून पोकळ.

रात्री स्टुलावर दोन्ही लावल्या.
आपली लगेच रडायला लागली,
सनमायका भरून टाकला.
ती मात्र उंच, केशरी.
पंखा बंद, खिडकी बंद,
तरी हलत होती,
कुणाचं तरी ऐकत मान डोलवावी तशी.

"कात्री दे," ग्रेशन म्हणाला,
"काजळी झाडावी लागते मधून मधून.
हिला एकटी सोडायची नसते."

मावशी गप्प.
नवसाचे पाय अर्धेमुर्धे जळून
संध्याकाळी पाटीतून परत येतात,
ती पातेल्यात वितळवते,
कुणाच्या गुडघ्यातून कुणाचं घर ओतते.
एकतीस वर्षं.
पेटलेल्या वातीशेजारी बसायला
तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कात्री तिनंच घेतली.
जरा जास्तच कापलं.
ज्योत गेली.

आपली जळतच होती, ठिबकत.
मावशीनं तीच उचलली,
तिच्यावरून ती परत लावली,
आणि स्टूल
खाटेजवळ ओढून घेतलं.