मागे घे जरा

बेतूलच्या कपेलीसमोर दोन माडांच्या मध्ये
आम्ही चादर ताणली. एक कोपरा सैल राहिला,
तो रात्रभर फडफडत होता.
प्रोजेक्टर माझा, कुंकळ्ळीहून आणलेला,
लग्नामुंजींना भाड्याने देतो तोच.
भाडं घ्यायचं नाही असं ठरवून निघालो होतो,
मग पेट्रोलपुरतं घेतलं.

पणजीत कार्यक्रम झाला तेव्हा
तिकीट होतं अडीच हजार.
वादळात फुटलेल्या एकवीस होड्यांसाठी
देशभरातले मोठमोठे गायक एका रात्रीत
फुकट गाऊन गेले.
होडीवाल्यांतलं ऐकायला कुणी नव्हतं.
म्हणून हे रेकॉर्डिंग, आठ महिन्यांनी.
पेन ड्राइव्हला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी :
बेतूल. परत करणे.

पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या नाहीत.
चादरीतले पाच हजार लोक ओरडत होते,
चादरीबाहेरचे साठ जण डास मारत होते.

आनासियोने चाळीस वर्षं फेस्तांच्या बँडमध्ये ट्रंपेट फुंकला,
आता पुढचे दात नाहीत.
दुसऱ्याच गाण्यात म्हणाला, ड्रमवाला पळतोय.
बाकीचे त्याच्या मागे, बघ,
मिरवणुकीत पावसाची सर आली की
आम्ही धावायचो तसे. एक सूर इथे, एक गटारापाशी.

शाबी पागीला गाणारा पटला नाही.
एवढे केस, मानेवर एवढा घाम.
पण रडतो चांगला, ती म्हणाली,
डोळे मिटून, नाक न वाहता.
आपल्याला कुठे जमतं तसं.

मग आला तो दारभर मोठा, पुठ्ठ्याचा चेक.
पुरसो उठून उभा राहिला, शून्यं मोजू लागला,
खाली बस रे, खाली बस,
तोवर चेक गेला.
पाच होती की सहा, यावर
एक अख्खं गाणं वाया गेलं.
कुणाच्या वाट्याला किती आले, ते मात्र
कुणी काढलं नाही.

गिटारवाल्याने गिटार आपटून फोडली
तेव्हा पोरं खूश. पुन्हा दाखव, पुन्हा दाखव.
काजितान मेस्त, ज्याने त्या एकवीसपैकी नऊ सांधल्या,
विडी विझवून म्हणाला,
चांगलं लाकूड फोडायला
वादळ कमी पडलं काय ह्यांना?
आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच,
मान तेवढी गेलीय. आणून द्या. तीन दिवसांचं काम.

पिएदाद शेवटच्या बाकावर होती.
मला वाटलं, झोपली.
गाणाऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो सरकत होते,
समुद्र, जाळी, कुणाचे तरी हात.
ती म्हणाली, मागे घे जरा.

मागे घेतलं.
निळ्या पट्ट्याची होडी, चार सेकंद.
नावातलं ‘सांता’ दिसत होतं,
‘रीता’वर गाणाऱ्याचं डोकं.

मागे घे.

सहा वेळा घेतलं. कुणी कुरकुरलं नाही.
सातव्यांदा थांबवलंच,
थांबवलं की मशीन तापतं, तरी.
ती चादरीपाशी गेली,
तिचीच सावली होडीवर पडली,
मग वाकून बाजूला झाली.
दोन्ही वल्ही आहेत, म्हणाली.
म्हणजे हा आधीचा.
आणि हा कडेला पाय दिसतो ना,
भर दुपारी, सगळी कामं टाकून,
असाच पडायचा सावलीत.
आवाजात राग होता. खराखुरा, घरातला.

त्यानंतरची तीन गाणी आम्ही पाहिली नाहीत.
पाय तसाच ठेवला.
चादरीवर पाखरं बसत होती.

सोबत एक फॉर्म होता, भरून द्यायचा.
ध्वनी : उत्तम, मध्यम, सुमार.
कलाकारांविषयी प्रेक्षकांचे मत.
घरी आल्यावर कंदिलासारख्या त्या बारक्या बल्बखाली
मी लिहिलं,
ड्रम जलद.
गिटार दुरुस्त होईल.
पुढच्या खेपेला गाणाऱ्याने
थोडं डावीकडे उभं राहावं.