वार

डोळखांबच्या पुढे, हिलमांच्या झापाशी
शेळी अडली होती. त्या दिवशीचा वार
आता आठवत नाही.
करडू आडवं होतं. कोपरापर्यंत हात घालून
पाय शोधला, वळवला, ओढलं.
श्वास नव्हता. गवताची काडी नाकात फिरवली,
पेंढ्याने बरगड्या चोळल्या, तेव्हा शिंकलं,
थेट माझ्या तोंडावर.
सोमा हिलम हसला. मीही हसले, तोंड उघडं ठेवून.
मागाहून वार पडली. तीही मीच उचलली.
हातमोजे संपले होते. मागणीपत्र
पंचायत समितीत होतं, अजून असेल.

तीन आठवड्यांनी ताप.
मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही,
क्षयाची थुंकी तीनदा दिली, तोही नाही.
कळव्याच्या दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरने
पहिल्यांदा विचारलं, तुम्ही काम काय करता?
रक्त पुण्याला गेलं. तिथून नाव आलं : क्यू फीवर.
विश्रामला वाटलं, क्यू म्हणजे रांग.
नाही, क्यू म्हणजे प्रश्न, डॉक्टर म्हणाला.
नाव ठेवणाऱ्यांना तेव्हा कारण सापडेना,
म्हणून त्यांनी प्रश्नच ठेवला.

गोळ्या झाल्या. ताप उतरला.
हृदयाच्या झडपाही तपासल्या; नीट उघडमीट करतात,
आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीपेक्षा नीट.
मग नावं ठेवणारे आले.
दीड वर्ष झालं की आता. चेहरा तर छान दिसतो.
शेळीचा ताप माणसाला? कायतरीच.
बदली मागितली, मिळाली. ठाण्यात टेबल,
टेबलावर तालुक्यातल्या शेळ्यांचे आकडे.
आकड्यांना वास नसतो.

थकवा म्हणतात याला. पण तो शब्द
काम केल्यानंतरचा आहे.
मी सकाळी उठते तीच
दिवसभर लावणी करून आल्यासारखी.
वेणी घालायला हात वर गेले
की खांदे हिशोब मागतात.
न्हाले त्या दिवशी भाजी चिरत नाही.
मृणालचा गणिताचा पेपर ऐकून घेतला
तर कुकर विश्रामने उतरवायचा.
रात्री घामाने उशी भिजते. तो न बोलता अभ्रा बदलतो
आणि मी झोपल्याचं सोंग घेते,
कारण आभार मानायलाही
थोडं उठावं लागतं.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं,
मुंगीच्या पावलाने जातं, आई फोनवर सांगते.
माझी मुंगी जिन्यात बसलीय.
खारेगाव, लिफ्ट नसलेली इमारत, दुसरा मजला,
पाताड्यांच्या चपलांच्या स्टँडशेजारी.
रोज संध्याकाळी आम्ही दोघी इथे थांबतो.
पाताडे काकू दार किलकिलं करतात,
पाणी देतात, दृष्ट काढायचं सुचवतात.
जाळीतून पारसिकचा डोंगर दिसतो.
एके काळी मी तो सहज चढले असते.
एके काळी म्हणजे, त्या वाराच्या आधी.

आज इथेच फोन वाजला.
मॅडम, सोमा हिलम बोलतोय. तुमची पाठ गाभण हाय.
गावात पाठ म्हणजे न व्यालेली शेळी,
शहरात पाठ म्हणजे जी दुखते ती.
मला हसू आलं. तीच ती, शिंकलेली.
मग मी ताठ बसले आणि सांगू लागले,
एका श्वासाला एक वाक्य :
तोंडाला फडकं बांध.
हातमोजे नसतील तर पिशव्या बांध.
सून पोटुशी आहे ना, तिला लांब ठेव, अगदी लांब.
वार कुत्र्यांपुढे टाकू नकोस.
खोल पूर. वर चुना.
दूध उकळून.
मध्ये थांबावं लागलं. तो थांबला.

तुमीच या ना, म्हणाला. तुमच्या हाताला गुण हाय.
कंच्या वाराला येता, तेवढं सांगा.

वर अजून अठरा पायऱ्या.
स्टँडला धरून मी उठते,
परत बसते.
बुधवार, म्हणते.
कुठला, ते सांगत नाही.