दहाचा पाना

कार-वॉशच्या ब्रशांनी मोडली, असं इद्वाल म्हणाला होता.
तेव्हापासून टपावर नुसती बैठक उरली, चिरलेली,
आणि तिच्यातून थेंब गळायचा
मागच्या सीटवर, नेमका कुत्र्याच्या कानात.

नवी एरियल टपालानं आली. जुनीपेक्षा वीतभर आखूड.
"चालतं," तो म्हणाला, "हल्ली आखूडच असतात."

त्याचा खांदा वर जात नाही, म्हणून आत मी.
दिवा काढला, दाराच्या कडेचं रबर सोडवलं,
छताचं कापड खाली ओढलं, साय बाजूला सारावी तसं.
वर एकोणीस वर्षांची धूळ, एक मेलेली गांधीलमाशी,
आणि दहाचा नट, ज्याला बाहेरची हवा
कधी लागलीच नव्हती.

नट सुटला. बैठक निघाली.
टपाला बोटभर भोक. त्यातून ब्लायनायचं आकाश,
इथल्या पाटीच्या दगडाच्याच रंगाचं.
मग आकाश गेलं आणि इद्वालचा एक डोळा आला.
"दिसतंय का?"
"तू दिसतोयस."

डोळा गेला. गंज घासल्याचा आवाज, बराच वेळ.
मग तोंडच आलं असावं भोकाशी, कारण शब्द
थेट माझ्या कपाळावर पडले:
"कार-वॉश नव्हतं ते.
ग्लिनच्या गोठ्याच्या चौकटीत अडकली, मागं घेताना."

ग्लिन त्याचा भाऊ. अकरा वर्षं
त्या वळणावर आम्ही गाडीचा वेगही कमी केला नव्हता.
मान मोडून वर बघत होते मी, दातांत दोन स्क्रू.
"चहा दिला त्यानं," छत म्हणालं,
"दोन चमचे साखर घालून.
मी साखर सोडल्याला सहा वर्षं झाली, त्याला काय माहीत.
प्यायलो."

वरून नव्या बैठकीचा पाय आत आला, काळ्या रबरासकट.
वायर जोडली. नट चढवला, आधी बोटांनी,
तिरका बसला तर आटे जातात, म्हणून सावकाश,
मग पान्यानं.
"धर घट्ट," मी दातांतूनच म्हणाले, "फिरू देऊ नकोस."
"धरलीय."
अजून पाव फेरा.

रेडिओवर खरखर, मग आयर्लंडचं कुठलंसं स्टेशन,
मेंढ्यांचे भाव, समुद्रापलीकडच्या मेंढ्यांचे, अगदी स्वच्छ.
आपलं वेल्श स्टेशन डोंगराआडच राहिलं.

इद्वालनं टपावर किटलीभर पाणी ओतलं.
मी मागच्या सीटवर तळहात पसरून बसले,
थेंब पडायचा तिथं.
कुत्रा काही आत यायला तयार नव्हता.